पंचवीस मीटर, तीन सेकंद

सकाळी 6.30

अंतर्गत रस्त्याची पाहणी मी सकाळी लवकर उरकते. या वेळी वाहनं तुरळक आणि चालणारी माणसं भरपूर असतात. कोण कुठून चालतं, कुठे ओलांडतं, कुठे थबकतं हे स्वच्छ दिसतं. पुणे महापालिकेच्या पथ विभागात मी कनिष्ठ अभियंता आहे. सध्या हातात असलेला रस्ता कोथरूडातला. एका टोकाला कर्वे रस्ता, दुसऱ्या टोकाला पौड रस्ता. मधल्या भागात बंगल्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या सोसायट्या, एक प्राथमिक शाळा, दवाखाना, पिठाची गिरणी, इस्त्रीवाला, किराणा. मार्च 2022 मध्ये वनाज ते गरवारे महाविद्यालय मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून स्टेशनाकडे पायी जाणाऱ्यांचीही भर पडली आहे. कागदावर रस्ता 12 मीटरचा. दोन्ही अंगांना फुटपाथ आहे. तरीही बहुतेक माणसं डांबरावरून चालतात.

लोकांना फुटपाथची सवयच नाही, असं सर्रास ऐकायला मिळतं. टेप घेऊन चाललं की खरं कारण कळतं. पादचाऱ्यांच्या सोयींसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने जी मार्गदर्शिका घालून दिली आहे, तिच्याप्रमाणे निवासी भागात चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा लागते आणि कर्बची, म्हणजे फुटपाथच्या कडेची, उंची 15 सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये. 1.8 मीटर म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोरून जातील एवढी रुंदी. इथला फुटपाथ मोजायला 2 मीटर भरतो. पण त्यातच विजेचा फीडर पिलर आहे, झाडाचा कठडा आहे, केबलचा खांब आहे, कुणाच्या तरी कुंड्या आहेत. शिल्लक राहते ती एका माणसाने अंग चोरून जावं एवढी जागा.

त्यात प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी फुटपाथ कापलेला. गाडी सपाट आत जावी म्हणून चालणाऱ्याने उतरायचं आणि पुन्हा चढायचं. काठी टेकत दूध आणायला निघालेल्या एक आजी मला म्हणाल्या, "पोरी, वरून चालायचं तर दर फाटकाला चढ नि उतार. माझ्या गुडघ्यांना ते झेपत नाही. त्यापेक्षा खालून बरं." माझ्या वहीतली आजची पहिली नोंद हीच आहे. फाटकासमोर फुटपाथची पातळी आहे तीच ठेवायची आणि गाडीने छोटा रॅम्प चढून आत जायचं. चढउतार इंजिनाला सोसतो, गुडघ्याला सोसत नाही.

सकाळी 7.15

शाळा भरायची वेळ. रिक्षावाले काका, स्कूल व्हॅन, दुचाकीवर पुढे एक आणि मागे एक मूल घेतलेले पालक, सगळे दहा मिनिटांत एकाच फाटकावर येतात. मोटारी दुहेरी रांगेत उभ्या राहतात आणि त्यांच्या मधल्या फटीतून मुलं रस्त्यावर येतात.

पहिलीतल्या मुलाचं डोकं उभ्या मोटारीच्या बॉनेटच्या जेमतेम वर दिसतं. येणाऱ्या चालकाला मूल दिसत नाही आणि मुलाला चालक दिसत नाही. समोरून येणारी गाडी किती वेगात आहे, याचा अंदाजही त्या वयात नीट करता येत नाही. म्हणून "मुलांना नीट बघून ओलांडायला शिकवा" या सल्ल्यावर मी थांबत नाही. मुलाने चूक केली तरी जीव जाणार नाही असा रस्ता बांधणं हे माझं काम आहे.

गणित साधं आहे. फुटपाथ सोडून इथे डांबरी रुंदी 8 मीटर उरते. सिग्नलचा वेळ ठरवताना माणसाची चाल सेकंदाला 1.2 मीटर धरतात. नातवाला शाळेत सोडायला आलेले आजोबा फार तर 0.8 मीटर चालतात. म्हणजे हा रस्ता ओलांडायला त्यांना 10 सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी 50 किलोमीटरने येणारी गाडी सुमारे 140 मीटर पार करते. रस्त्याच्या कडेला मोटारींची रांग असताना 140 मीटर लांबचं त्यांना दिसणार कसं?

यावरचा उपाय म्हणजे ओलांडायच्या जागी दोन्हीकडचा फुटपाथ पार्किंगच्या रुंदीएवढा पुढे आणायचा. माणूस उभ्या मोटारींच्या पुढे येऊन उभा राहतो, त्यामुळे तो दिसतो आणि त्यालाही दिसतं. ओलांडायचं अंतर 8 मीटरवरून 4 ते साडेचार मीटरवर येतं. पक्कं बांधकाम करण्याआधी आम्ही प्लॅस्टिकचे कोन आणि दोरी लावून शाळेसमोर हे करून पाहतो आहोत. शाळेच्या बाईंनीही पालकांना विनंती केली आहे की गाडी कोपऱ्यावर थांबवा आणि शेवटचं अंतर मुलाचा हात धरून चाला. आज बऱ्याच पालकांनी ते केलं. फाटकासमोर मोकळं राहिलं.

सकाळी 8.45

आता वेग मोजायचा. रडार गन नेहमी मिळत नाही, पण तिच्यावाचून अडतही नाही. रस्त्यावर खडूने दोन आडव्या रेघा मारायच्या, बरोबर 25 मीटर अंतरावर. पहिल्या रेघेवर पुढचं चाक आलं की स्टॉपवॉच सुरू, दुसऱ्या रेघेवर बंद. 3 सेकंद लागले तर वेग ताशी 30 किलोमीटर. 2 सेकंदांत पार झालं तर 45. मी झाडाआड उभी राहते, कारण टेप आणि वही घेतलेलं माणूस दिसलं की चालक आपसूक पाय काढतात. एका बाजूच्या 100 वाहनांचे वेग टिपायचे, चढत्या क्रमाने मांडायचे आणि 85 वा आकडा बघायचा. रस्त्याचा आमच्या शास्त्रातला खरा वेग तोच सांगतो. शेवटच्या पंधरांत कोण आहेत तेही मी लिहिते. बहुधा मुख्य रस्ता तुंबला की नकाशाच्या ॲपने दाखवलेल्या आडवाटेने आलेली वाहनं असतात. त्यांना इथे कुणाकडेही जायचं नसतं.

वेगमर्यादा ताशी तीसच का, हा प्रश्न मला दर बैठकीत विचारला जातो. अचानक मूल आडवं आलं तर चालकाचं डोकं आणि पाय कामाला लागायला साधारण एक सेकंद जातो. ताशी 30 ला त्या सेकंदात गाडी 8 मीटर जाते आणि मग ब्रेकवर आणखी 5 मीटर. एकूण 13 मीटरवर ती थांबते. ताशी 50 ला पहिल्या सेकंदातच 14 मीटर गेलेले असतात. म्हणजे तीसवाली गाडी जिथे थांबली, तिथे पन्नासवाल्या चालकाचा पाय अजून ब्रेकवर पडलेलाही नसतो. मुलाला लागणारा धक्का पूर्ण पन्नासचा असतो आणि त्या धक्क्यातली ऊर्जा तीसच्या जवळजवळ तिप्पट असते. फेब्रुवारी 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे वाहनं आणि माणसं एकाच रस्त्यावर वावरतात तिथे कमाल वेग 30 ठेवावा असं म्हटलं आहे, ते याचमुळे. सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे 4 टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

वेगमर्यादा 30 ची पाटी इथे आहेच. पण चालक पाटी वाचून वेग ठरवत नाही. समोर रस्ता किती रुंद, किती सरळ आणि किती मोकळा दिसतो यावर त्याचा पाय ठरतो. त्यामुळे वेग कमी करायचा तर रस्त्याचा आकार बदलावा लागतो.

सकाळी 10.30

क्षेत्रीय कार्यालय. टेबलावर अर्ज. निम्म्याहून अधिक अर्जांत एकच मागणी असते: "आमच्या फाटकासमोर स्पीड ब्रेकर टाकून मिळावा." या मागणीमागची भीती खरी असते, म्हणून प्रत्येक अर्जदाराला मी फोन करून बोलते.

स्पीड ब्रेकरला इंडियन रोड्स काँग्रेसचं ठरलेलं माप आहे. गोलाकार उंचवटा, उंची 10 सेंटिमीटर आणि रुंदी 3.7 मीटर. गाडी ताशी 25 ने गेली तर आरामात जाते, जोरात गेली तर चालकाला दणका बसतो. आधी सूचनाफलक हवा आणि उंचवट्यावर रात्रीही दिसतील असे पट्टे हवेत. प्रत्यक्षात गल्लोगल्ली आढळतात ते वीतभर रुंद, उंच, रातोरात ओतलेले काँक्रीटचे वरंबे. त्यावर दुचाकी उडते, मागे बसलेलं माणूस पडतं, रिक्षातल्या गरोदर बाईला आणि पाठीच्या रुग्णाला हिसका बसतो, रुग्णवाहिका रेंगाळते. आणि मोठी गाडी मात्र वेगातच त्यावरून निघून जाते, कारण तिचे शॉकॲब तेवढा दणका गिळतात. वाहतूक पोलिसांच्या संमतीवाचून आणि मापावाचून टाकलेला ब्रेकर आम्हाला उखडावाच लागतो.

त्याऐवजी मी टेबल टॉप क्रॉसिंग सुचवते. झेब्रा क्रॉसिंगची पूर्ण जागाच फुटपाथच्या पातळीला उचलायची आणि वाहनांसाठी दोन्हीकडून उतार द्यायचा. आजी सपाट चालत पलीकडे जातात, गाडी आपोआप हळू होते. फक्त पावसाळ्याचं भान हवं. उंचवट्याच्या चढत्या बाजूला जाळीचा चेंबर दिला नाही तर पाणी तुंबून क्रॉसिंगच्याच तोंडाशी तळं होतं आणि माणसं पुन्हा रस्त्याच्या मधून चालायला लागतात.

या कामाला आधार कमी नाहीत. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व दिलं. पुणे महापालिकेने 2016 मध्ये पादचारी धोरण स्वीकारलं. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळा नसलेल्या फुटपाथचा हक्क हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं स्पष्ट केलं. आणि गरज किती मोठी आहे ते केंद्र सरकारचेच आकडे सांगतात: 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, त्यांतले 32,825 जण पायी चालणारे होते. ही माणसं कुठल्याही शर्यतीत नव्हती. कुणी कामाला, कुणी शाळेला, कुणी भाजी आणायला निघालं होतं.

दुपारी 1.00

कोपऱ्यावर संयुक्त पाहणी. वाहतूक शाखेचे अंमलदार, अग्निशमन दलाचे अधिकारी आणि मी. आतला रस्ता पौड रस्त्याला मिळतो तो कोपरा फारच ऐसपैस गोलाई देऊन बांधलेला आहे. त्यामुळे मुख्य रस्त्यावरून येणारी मोटार वेग न उतरवता आत शिरते आणि नेमकी तिथेच माणसं ओलांडत असतात. गोलाई घट्ट केली की गाडीला वळताना हळू व्हावंच लागतं आणि ओलांडायचं अंतरही कमी होतं.

यावर पहिला प्रश्न असतो, "बंब वळेल का?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर कागदावर देऊन भागत नाही. नव्या गोलाईवर कोन मांडले आणि दलाने खरोखरचा बंब आणून वळवला. चालकाने समोरच्या बाजूची थोडी जागा घेतली आणि एका दमात आत आला. अधिकाऱ्यांनी एकच अट घातली: कोपऱ्यावर एकही मोटार उभी दिसता कामा नये. बंब अडतो तो घट्ट गोलाईमुळे नाही, कोपऱ्यावर लावलेल्या गाडीमुळे. चौकाजवळ, वळणावर, झेब्रावर आणि फुटपाथवर वाहन उभं करायला कायद्यानेच मनाई आहे. अंमलदार म्हणाले, "मॅडम, चोवीस तास माणूस उभा करता येत नाही. तुम्ही बोलार्ड द्या." त्यांचं बरोबर आहे. बोलार्ड म्हणजे गाड्या अडवणारे ठेंगणे खांब. त्यांच्यामधून व्हीलचेअर जाईल आणि मोटारसायकल सहज घुसणार नाही एवढं अंतर कसं राखायचं, हे तिथेच टेपने ठरवलं.

दुपारी 3.30

पट्टे मारायचं काम. थर्मोप्लास्ट म्हणजे साधा रंग नव्हे. पांढरी भुकटी किटलीत वितळवून जवळपास 180 ते 200 अंशांवर रस्त्यावर ओततात. मजूर लोखंडी गाडा ओढत सरळ रेघ काढतो आणि त्याच्या मागोमाग ओल्या पट्ट्यावर काचेचे बारीक मणी पडतात. रात्री हेडलाइटचा उजेड परत चालकाच्या डोळ्यांत फेकतात ते हे मणी. पट्टा थंड झाल्यावर हात फिरवून बघायचा. खरखरीत लागला तर मणी नीट बसलेत. पन्नास सेंटिमीटर पट्टा, पन्नास सेंटिमीटर जागा, असा झेब्रा पूर्ण होतो. त्याच्या अलीकडे थांबरेषा. डांबर ओलसर किंवा धुळीचं असेल तर पट्टा महिन्याभरात सुटतो, म्हणून आधी झाडून, कोरडं करून घ्यायचं. ठेकेदाराच्या माणसाने आज घाई केली नाही. उन्हात, वितळलेल्या रसायनाजवळ उभं राहून तो जे काम करतो त्यावर कुणाच्या तरी मुलाचा जीव अवलंबून आहे, हे मी त्याला सांगते, कारण ते खरं आहे.

संध्याकाळी 5.30

किराणा दुकानदारांची काळजी वेगळी. "ताई, पार्किंग काढलंत तर गिऱ्हाईक येणार कसं?" मी त्यांच्याच पायरीपाशी तासभर उभी राहिले. आली ती गिऱ्हाइकं बहुतांशी आसपासच्या इमारतींतून पायी आली. दुकानासमोरच्या दोन मोटारी मात्र तासाभरात जागच्या हलल्या नाहीत. ते दुकानदारांनीही पाहिलं. मग सामान उतरवायच्या टेम्पोसाठी एक जागा राखून ठेवायची आणि बाकी तोंड मोकळं करायचं, यावर आमचं जमलं.

भाजीवाल्या मावशींना हटवा, असाही एक अर्ज आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने त्यांच्या पोटापाण्याला संरक्षण दिलेलं आहे आणि या रस्त्याला त्यांची गरज आहे. संध्याकाळी त्यांच्या गाडीभोवती माणसं असतात, दिवा असतो, वर्दळ असते. एकटी बाई अशा रस्त्याने निर्धास्त चालते. त्यांची हातगाडी फुटपाथवरून उचलून पार्किंगच्या पट्ट्यात, एका मोटारीच्या जागी आणली की दोन्ही प्रश्न सुटतात. एका उभ्या मोटारीपेक्षा त्या जागेचा उपयोग मग कितीतरी जास्त माणसांना होईल.

संध्याकाळी 7.30

सोसायट्यांची एकत्र बैठक. एका काकांचं म्हणणं, रस्ता एकेरी करा, गोंधळ संपेल. मी सांगितलं, समोरून कुणी येणार नाही याची खात्री झाली की चालक वेग वाढवतो. नुसता एकेरी केलेला निवासी रस्ता बहुधा अधिक वेगवान होतो. आडवाटेने येणारी वाहनं थांबवायची तर रस्त्याच्या मध्यावर बोलार्ड लावून मोटारींचं आरपार जाणं बंद करता येईल. पायी आणि सायकलवर आरपार, मोटारीने मात्र आपापल्या टोकाने आत-बाहेर. रुग्णवाहिका आणि बंबासाठी कुलपाचे, काढता येणारे बोलार्ड. यावर बराच वेळ वाद झाला. "माझा फेरा वाढेल," एक गृहस्थ म्हणाले. त्यांच्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा फेरा तीन मिनिटांनी वाढेल. माझी मुलगी एकटी क्लासला जाऊ शकेल." सभेत यानंतर सूर बदलला. तीन महिने कोन लावून प्रयोग करू आणि मग ठरवू, असं ठरलं. दरवर्षी 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो, दिवसातले काही तास वाहनं बंद असतात आणि बाजार चालूच राहतो. ते पाहिलेल्यांनी बैठकीत आपण होऊन त्याचा दाखला दिला.

एक गोष्ट मी पालकांसमोर ठामपणे मांडली. या रस्त्यावर दुचाकी भरधाव नेणाऱ्यांत याच इमारतींतली अठराच्या आतली मुलं आहेत. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडला तर पालकाला किंवा वाहनमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. पण कायद्याच्या धाकापेक्षा मोठी गोष्ट ही की समोर चालणारं मूलही याच इमारतीतलं असतं.

रात्री 9.30

शेवटची फेरी दिव्यांसाठी. खांबांवरचे दिवे रस्त्याच्या मध्यावर उजेड टाकतात आणि फुटपाथ झाडांच्या सावलीत काळोखा राहतो. नव्या झेब्रावर उभं राहिलेलं माणूस चालकाला लांबून दिसतं का, ते बघायला मी सहकाऱ्याला तिथे उभं केलं आणि स्वतः दुचाकीवरून आले. एका टोकाला तो दिसला, दुसऱ्या टोकाला फांदीमुळे दिसला नाही. उद्यान विभागाला फांदी छाटायचं पत्र आणि विद्युत विभागाला कमी उंचीचा एक दिवा मागणारं पत्र, दोन्ही उद्या सकाळी जातील.

वाचकांना माझं सांगणं आहे. तुमच्या दारासमोरच्या रस्त्यावर 25 मीटरवर दोन रेघा मारा आणि घड्याळ लावा. तीन सेकंदांच्या आत किती वाहनं जातात ते लिहून काढा. फुटपाथची मोकळी रुंदी मोजा, फाटकांचे चढउतार मोजा, कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे फोटो काढा. क्षेत्रीय कार्यालयाकडे अर्ज करताना नुसता स्पीड ब्रेकर मागू नका. सलग फुटपाथ मागा, उचललेलं क्रॉसिंग मागा, घट्ट कोपरा मागा, आणि आपली गाडी कोपऱ्यापासून दूर लावायची हमी त्याच अर्जात लिहून द्या. आकडे जोडलेला, चार इमारतींच्या सह्या असलेला असा अर्ज टेबलावर आला की आमच्यासारख्या अभियंत्यांना वरपर्यंत भांडायला बळ मिळतं.